मराठी मजकुराच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप : काही महिन्यांच्या वापरानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. माझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीतला असल्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. एरवी तो ठणठणीत होता, पण ज्या यंत्रावर लेखकांची हस्तलिखिते आणि बँकेचे व्यवहार असतात ते सुरक्षेच्या अपडेट्सशिवाय वापरत राहणे मला पटले नाही. म्हणून दिवाळीच्या खरेदीत नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून नवा लॅपटॉप घेतला : १४ इंची, धातूच्या बॉडीचा, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला. माझे काम संपादनाचे आणि मुद्रितशोधनाचे आहे, त्यामुळे खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंगबद्दल येथे काही सापडणार नाही. वेगाविषयी एवढेच सांगतो की मोठ्या ग्रंथाची फाइल आणि ब्राउझरच्या भरपूर टॅब एकाच वेळी उघडून ठेवल्या तरी यंत्र अडखळत नाही. दिवसभर देवनागरी टंकणाऱ्या माणसाला खरी किंमत कळते ती कीबोर्ड, पडदा आणि वीज या तीन ठिकाणी.

कीबोर्डपासून सुरुवात करतो. मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळमांडणीने टंकतो. त्या मांडणीत एंटरच्या वरच्या, तिरप्या रेघेच्या कळीवर ‘ॉ’ असतो आणि शिफ्टसह तीच कळ ‘ऑ’ देते. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही कळ क्वचितच लागते, म्हणून लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवताना तिचीच रुंदी कापली जाते. डॉक्टर, कॉलेज, ऑफिस, हॉस्पिटल असे शब्द आजच्या मराठी मजकुरात पानोपानी येतात आणि दर वेळी उजव्या हाताची करंगळी त्या अरुंद कळीकडे धावते. सुरुवातीला तिच्याऐवजी एंटर दाबला जाऊन शब्द मधोमध तुटत असे. आता बोटांना सवय झाली आहे. ‘ळ’ आणि ‘ऱ’ या मराठीच्या हक्काच्या अक्षरांसाठी शिफ्ट धरून अनुक्रमे एन आणि जे या कळा दाबाव्या लागतात, तेव्हा डावा शिफ्ट रुंद आणि एकसारखा दबणारा असणे फार महत्त्वाचे ठरते. या बाबतीत हा कीबोर्ड उत्तम आहे. ‘दऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ लिहिताना हात अडत नाही आणि कळांचा आवाजही बेताचा आहे. विंडोज आणि स्पेस या कळांनी मराठी-इंग्रजी बदल होतो, परंतु निवडलेली भाषा मुळात सर्वच खिडक्यांना लागू होते; वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असे हवे असेल तर कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो. माझा दिवसाचा बराचसा वैताग या एका खुणेने कमी केला.

पडदा १६:१० प्रमाणाचा, १९२० गुणिले १२०० पिक्सेलचा आणि चकाकी नसलेला आहे. उंची थोडी अधिक असल्यामुळे पानाच्या चार ओळी जास्त दिसतात, आणि प्रुफे तपासणाऱ्याला त्या मोलाच्या असतात. मात्र १०० टक्के आकारावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक थकलेल्या डोळ्यांना निसटतो, म्हणून मी आकार १२५ टक्के ठेवला आहे. विंडोजसोबत आलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वाचण्याची ज्यांना लहानपणापासून सवय आहे, त्यांनी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट टाकून पाहावा; निदान वाचनाच्या पहिल्या फेरीसाठी मी तो आवर्जून वापरतो.

आता विजेकडे वळतो. आमचे पंचवटीतले घर जुने आहे. चार्जर लावून काम करताना मनगट लॅपटॉपच्या कडेला टेकले की बारीक झिणझिण्या येत आणि हाताची मागची बाजू झाकणावरून हळूच फिरवली तर पृष्ठभाग खरखरीत लागे. चार्जर काढला की तोच धातू गुळगुळीत. दुकानदाराने यंत्र बदलून देण्याची तयारी दाखवली, पण त्याआधी वायरमनला बोलावले. त्याने सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये टेस्ट लॅम्प धरला तेव्हा तो लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला तेव्हा अजिबात पेटला नाही. भिंतीत तीन भोके होती, पण तिसऱ्यामागची तार कुठेच पोहोचत नव्हती. चार्जरमधील फिल्टरच्या कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह बॉडीपर्यंत येत असतो आणि त्याला अर्थिंगची वाट मिळाली नाही की तो स्पर्शाला जाणवतो. हा यंत्राचा बिघाड नव्हे, पण सदोष अर्थिंग पूर्ण घरासाठीच धोक्याचे असते. तार जोडून घेतल्यापासून झिणझिण्या गेल्या. ज्यांचा चार्जर दोन पिनांचा आहे त्यांना मात्र या उपायाचा लाभ होणार नाही.

दुसरी खोड झोपेची. झाकण मिटले की लॅपटॉप पूर्ण झोपतो असे आपण धरून चालतो, परंतु अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत मॉडर्न स्टँडबाय असते. त्यात पडदा बंद होतो, तरी यंत्र मोबाइलसारखे अधूनमधून जागे होऊन नेटवर्क आणि अपडेट्स पाहू शकते. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसताना भरलेली बॅटरी कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत बरीच खाली आली होती आणि बॅगेचा तो कप्पा बाहेरून हाताला गरम लागत होता. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावे, म्हणजे उघडे काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद व्हावे, असे ठरवून दिले, तेव्हापासून प्रवासात तसे घडलेले नाही. पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, आणि ते मला मान्य आहे.

बॅटरी दीर्घकाळ पूर्ण भरलेली आणि गरम राहणे लिथियम-आयनला मानवत नाही. नाशकात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि मी बहुतेक वेळ चार्जर लावूनच बसतो, त्यामुळे कंपनीच्या ॲपमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवली आहे. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींत अजून नगण्य फरक आहे. दुपारी पंखा ऐकू येतो, पण तो अखंड घोंघावत नाही.

साठवणीबद्दल दुकानात अनेकांचा गैरसमज होतो. ५१२ जीबीऐवजी सुमारे ४७६ दिसतात, कारण निर्माता एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यात फसवणूक नाही.

माझी खरी नाराजी रॅमबद्दल आहे. ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली आहे, त्यामुळे पुढे वाढवता येणार नाही. जुन्या लॅपटॉपला मी मध्येच रॅम बसवून त्याचे आयुष्य वाढवले होते. येथे तो मार्ग बंद आहे. हेच मॉडेल ८ जीबीतही मिळत होते आणि विक्रेता तेवढे पुरे असल्याचे आग्रहाने सांगत होता. पाच-सहा वर्षे यंत्र वापरण्याचा विचार असेल तर फरकाचे पैसे खरेदीच्या वेळीच मोजावेत, आणि रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये आहे हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.