डीएफप्लेअर मिनी : काही महिन्यांच्या वापरानंतर

गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की बझरच्या कर्कश आवाजाऐवजी घरातल्या सर्वांना समजेल अशी सूचना ऐकू यावी, एवढ्यासाठी आर्डुइनो नॅनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडायचे आवाजाचे मॉड्यूल मी शोधत होतो. उन्हाळ्यापासून हे काम डीएफप्लेअर मिनी हे कार्डावरच्या एमपी३ फाइली वाजवणारे छोटे मॉड्यूल करत आहे, आणि "टाकी भरली, मोटर बंद करा" हे वाक्य आमच्याकडे रोज सकाळी आईच्याच आवाजात वाजते.

सर्वांत स्वस्त पर्याय आयएसडी१८२० या ध्वनिमुद्रण मॉड्यूलचा होता. त्यात माइक असल्यामुळे बटण दाबून थेट ध्वनिमुद्रण करता येते. मात्र संदेश एकच राहतो आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर ठेवला तर तो सुमारे १० सेकंदांचा असतो. २०० किलोओहम लावून वेळ २० सेकंदांपर्यंत वाढवता येतो, पण तेव्हा सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग) ३.२ किलोहर्ट्झवर येते आणि 'स' व 'श' यांतला फरकच उरत नाही. जेक्यू६५०० या दुसऱ्या आवाजाच्या मॉड्यूलमध्ये स्मृती बोर्डावरच असते, कार्ड लागत नाही, हा मोठा गुण आहे. परंतु त्यात फाइली भरण्यासाठी विंडोजवरचा खास प्रोग्राम लागतो आणि माझ्याकडे विंडोज नाही. डीएफप्लेअर ३२ जीबीपर्यंतचे मायक्रोएसडी कार्ड घेतो, तेव्हा संदेश बदलणे म्हणजे कार्ड काढून फाइल बदलणे, इतके ते सोपे होते.

आवाजाबद्दल तक्रार नाही. ८ ओहमचा तीन इंची स्पीकर उघडा ठेवला होता तेव्हा बोलणे पत्र्यासारखे वाजत असे; तोच झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बसवल्यावर शब्द भरीव आणि स्पष्ट झाले. आवाजाची पातळी ० ते ३० अशी ठरवता येते आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाण्यास २२ पुरते. खरखर मात्र सुरुवातीला बरीच होती. नॅनो ५ व्होल्टवर आणि मॉड्यूलचे तर्कसंकेत ३.३ व्होल्टवर चालत असल्यामुळे नॅनोकडून मॉड्यूलच्या आरएक्स (आज्ञा स्वीकारणाऱ्या) पिनकडे जाणाऱ्या वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घालणे आवश्यक आहे, आणि त्याने खरखर जवळजवळ थांबते. उरलेला दोष वीजपुरवठ्याचा होता: मोठा आवाज निघताना व्होल्टेज क्षणभर खाली येई आणि मॉड्यूल नव्याने सुरू होई. मॉड्यूलच्या वीजपुरवठ्याच्या पिनांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यापासून हा प्रकार झालेला नाही.

फाइलींची मांडणी हा सर्वांत फसवा भाग आहे. 'अमुक क्रमांकाची फाइल वाजव' ही साधी आज्ञा फाइलीचे नाव पाहत नाही, तर कार्डावर ती कितवी कॉपी झाली हे पाहते; म्हणून ०००२ नावाची फाइल आधी कॉपी झाली असेल तर पहिल्या क्रमांकाला तीच वाजते. यावर उपाय म्हणजे ०१, ०२ असे फोल्डर करून त्यांत ००१.एमपी३ अशा नावांनी फाइली ठेवणे आणि फोल्डरसह क्रमांक मागणारी आज्ञा वापरणे. मॅकवरून कॉपी करणाऱ्यांनी कार्डावर आपोआप तयार होणाऱ्या लपलेल्या फाइलीही पुसून टाकाव्यात, कारण मॉड्यूल त्यांनाही मोजते.

खरेदी करताना चिपवरचा मजकूर भिंगातून वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. मूळ बोर्डावर वायएक्स५२०० असते, पण त्याच आकाराच्या आणि त्याच पिनांच्या बोर्डांवर इतर चिपाही सर्रास येतात. एका दुकानातून घेतलेले माझे दुसरे मॉड्यूल त्यांपैकीच निघाले: आवाज ठीक, पण आज्ञा मिळाल्याची पोच नॅनोला देत नसल्यामुळे प्रोग्राम तिथेच अडकून राही. मॉड्यूल चालवणाऱ्या तयार कोडमध्ये, म्हणजे लायब्ररीत, पोचेची अपेक्षा बंद केली आणि दोन आज्ञांमध्ये थोडा अवकाश ठेवला, तेव्हा तेही चालू लागले. फेकून देण्याची गरज नाही, मात्र त्याला मूळ मॉड्यूलची किंमत मोजू नये.

बिझी पिनचा उपयोग फार थोडे लोक करतात. आवाज चालू असेपर्यंत ती लो, म्हणजे जवळजवळ शून्य व्होल्टवर, राहते, त्यामुळे ती वाचून एक सूचना पूर्ण होण्याआधी दुसरी सुरू होणे टाळता येते. वीज जाऊन आली की मॉड्यूलला तयार होण्यास दीड ते तीन सेकंद लागतात, तेवढी वाट प्रोग्रामने पाहिली पाहिजे. आणि स्पीकरच्या दोन पिनांपैकी कोणतीही ग्राउंडला जोडू नये, कारण दोन्हींवर संकेत असतो. मोठा आवाज हवा असेल तर डॅकच्या (अॅम्प्लिफायरआधीचा ध्वनिसंकेत देणाऱ्या) पिनांवरून पीएएम८४०३ सारख्या वेगळ्या अॅम्प्लिफायरला जोडणी द्यावी.