न्यू बिग ड्वॉर्फ टोमॅटो: बी पेरल्यापासून शेवटच्या फळापर्यंत

बाल्कनीत टोमॅटो लावायचा म्हटलं की सगळे चेरी टोमॅटोच सुचवतात. मला चेरी नको होते. ज्याची एक चकती ब्रेडचा अख्खा स्लाइस झाकेल असं फळ हवं होतं, तेही कमरेच्या वर न जाणाऱ्या झाडावर. मध्य न्यू जर्सीत आमची बाल्कनी वरच्या मजल्यावर आहे. तिथे सहा-सात फुटी वेलासारखं वाढणारं झाड बांधायला ना जागा, ना सोसायटीची परवानगी. म्हणून न्यू बिग ड्वॉर्फचं बी मागवलं. मार्चअखेरीस पेरलं आणि ऑक्टोबरात थंडी पडेपर्यंत फळं खाल्ली. त्या सगळ्या महिन्यांचा हा अनुभव.

ही जात नवी नाही, नावात ‘न्यू’ असलं तरी. मिशिगनमधल्या जॅक्सन गावच्या इस्बेल बियाणे कंपनीने ती १९०९ साली बाजारात आणली. एका बाजूला पाँडेरोसा, म्हणजे त्या काळचा प्रचंड मोठ्या फळाचा टोमॅटो, आणि दुसऱ्या बाजूला ड्वॉर्फ चॅम्पियन हा बुटका, अशा दोघांचा हा संकर. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतले क्रेग लहूलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागकामवाल्यांना जमवून बुटक्या टोमॅटोंच्या नव्या जाती तयार करायचं काम हाती घेतलं, तेव्हा पालक जातींमध्ये हाही वापरला. एकाकडे हिवाळा तेव्हा दुसरीकडे उन्हाळा, त्यामुळे वर्षात दोन पिढ्या काढता येत. बुटकेपणाचा गुण अप्रभावी असतो. उंच जातीशी संकर केला की पहिली पिढी सगळी उंच निघते आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक रोप बुटकं येतं. या कामातून पुढे शंभराहून जास्त जाती निघाल्या. हे वाचल्यावर मला मूळ जातच लावून बघायची होती.

बी आठवड्याभरात उगवलं. खरा फरक रोपात दिसतो. पानं गडद हिरवी, सुरकुतलेली, जाडसर. खोड लहानपणापासूनच दणकट. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात टोमॅटोची रोपं एरवी लांबुडकी होऊन आडवी पडतात, ही पडली नाहीत. घरात रोपं करणाऱ्यांसाठी एवढा एक गुण पुरेसा आहे. मात्र वाढ फार सावकाश. शेजारच्या ट्रेमधली साधी रोपं दुप्पट उंच झाली तरी ही आपली बोटभरच. घाबरून खत वाढवायची गरज नाही, ती अशीच वाढतात.

मेच्या मध्यानंतर, रात्रीची थंडी ओसरल्यावर, रोपं आधी काही दिवस ऊन-वाऱ्याची सवय करून मग बाहेर लावली. पाच गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची कापडी पिशवी एका झाडाला. झाड हंगामाअखेर अडीच-तीन फुटांपर्यंत पोचलं. एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी: हे झाड रोमा या टोमॅटोच्या जातीसारखं ठरावीक उंचीला शेंडा थांबवून एकदम सगळी फळं देणारं नाही. ते हळूहळू वाढतच राहतं आणि हंगामभर थोडी थोडी फळं देतं. बाजूचे फुटवे मी काढले नाहीत, तशी गरजही भासली नाही. पण ‘आधार लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एकेका फळाचं वजन पाव किलोच्या पुढे जातं, सगळ्यात मोठं अर्धा किलोच्या आसपास भरलं. बांबूची काठी हवीच, नाहीतर फांदी बुडापासून चिरते.

दाट पानं ही या झाडाची कमकुवत बाजू. आत हवा खेळत नाही आणि इथल्या दमट जुलैत खालच्या पानांवर ठिपके येऊन ती पिवळी पडतात. जमिनीलगतची फूटभर पानं काढून टाकली, पाणी फक्त बुडाशी दिलं, मातीवर वाळलेलं गवत पसरलं, तेव्हा रोग आटोक्यात राहिला.

पाण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच ठरतं. कापडी पिशवी भराभर सुकते. एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी चिंब असं झालं की फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नाही. पाण्याबरोबर कॅल्शियम फळापर्यंत वेळेवर पोचत नाही, म्हणून तो पडतो. अंड्याची टरफलं मातीत घालून त्या हंगामात काही होत नाही, ती कुजायलाच फार वेळ घेतात. ऐन उन्हाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं आणि डाग थांबले.

रात्री उकडत असलं की फुलं गळतात, त्याला इलाज नाही. पहिली फळं बुडाशी वेडीवाकडी निघाली, पण चवीत काही कमी नव्हतं. हिरवी शिंगवाली अळी एका रात्रीत फांदी बोडकी करते. पानांवर काळ्या लेंड्या दिसल्या की वर शोधायची. तिच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे कोष असतील तर मारू नका. ते गांधीलमाशीच्या जातीतल्या एका परोपजीवी माशीचे असतात, आणि त्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात. खारींसाठी मात्र एकच उपाय लागू पडला: फळावर गुलाबी झाक आली की तोडून घरात पिकवायचं. चव तितकीच राहते.

पहिलं फळ ऑगस्टमध्ये पिकलं. गर भरपूर, बिया कमी, साल पातळ, गोडीला नेमका आंबटपणा. जर्सीच्या टोमॅटोंचा इथे लोकांना फार अभिमान, पण रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांकडचाही यापुढे मला फिका वाटला. मीठ-मिरपूड लावून चकत्या खाव्यात, किंवा दाण्याचं कूट घालून कोशिंबीर. सार केलं तर गूळ निम्मा पुरतो. रस्सा-भाजीत घालून हे फळ वाया घालवू नका, त्यासाठी बाजारचे ठीक आहेत.

उत्पन्न मोजणाऱ्यांनी ही जात घेऊ नये. झाडामागे फळं मोजकीच येतात आणि वाट बघावी लागते. वर्षभराची प्युरी करून ठेवायची असेल तर रोमा लावा. ज्यांच्याकडे एक उन्हाची बाल्कनी आहे आणि एक उत्तम टोमॅटो खायचा आहे त्यांनी हाच लावावा.

संकरातून निघालेली असली तरी ही जात आता स्थिर झालेली आहे, त्यामुळे बी घरी धरता येतं. पूर्ण पिकलेल्या फळाचा बियांसह रस दोन-तीन दिवस आंबवला, धुतला, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला. पुण्याहून बहीण बी मागते आहे, पण परदेशातून बियाणं भारतात न्यायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, खिशातून नेणं योग्य नाही. तिला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची धनश्री लावायला सांगितलंय.