स्विचचं वेबपान की कंट्रोलर? छोट्या कारखान्यासाठी

तीन-चार मॅनेज्ड स्विच घ्यायचे ठरले की प्रश्न येतो: प्रत्येकाच्या वेबपानावर जाऊन वेगवेगळी सेटिंग करायची, की ओमाडा किंवा युनिफायसारखा कंट्रोलर घेऊन सगळे एका जागेवरून चालवायचे? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल युनिटमध्ये दोन्ही वापरून झालंय. व्हीलॅन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

टॅली, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वाय-फाय एवढ्याला वेग दोन्हीकडे पुरतो. पीओईची, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना मिळणाऱ्या विजेची, बेरीज मात्र स्विच घेण्याआधी करा. पोर्टवर ८०२.३एटी या पीओईच्या मानकाचे ३० वॅट लिहिलेले असतात, पण सगळ्या पोर्टांची मिळून मर्यादा बरीच कमी असू शकते. आणि मागाजवळ फॅनचा स्विच नकोच, कापसाचे तंतू आत ओढले जातात.

वेबपानाच्या बाजूने बोलायचं तर जास्तीची पेटी लागत नाही, आणि ८०२.१क्यू हे व्हीलॅनच्या टॅगचं मानक सगळ्यांचं सारखंच असल्यामुळे कुठल्याही दोन कंपन्यांचे स्विच शेजारी बसतात. ही सोय मोठी आहे. कंट्रोलर फक्त आपल्याच कंपनीचे स्विच सांभाळतो.

पण माझा निर्णय झाला तो 'सेव्ह'च्या बटणामुळे. अशा बऱ्याच स्विचमध्ये 'अप्लाय' केलं की बदल लगेच लागू होतो, पण फक्त चालू मेमरीत. कायमचा ठेवायला 'सेव्ह' वेगळं दाबावं लागतं, आणि ते भलत्याच मेनूत असतं. आमच्याकडे स्विच बसवणाऱ्याने कॅमेऱ्यांचे पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले, चित्र दिसतंय हे दाखवलं आणि तो गेला. पुढे एकदा दुपारी बराच वेळ लाईट गेली, यूपीएस उतरला, आणि स्विच जुन्याच सेटिंगवर उठला. पॅकिंगचं रेकॉर्डिंग बंद पडलं. एका पार्टीने माल कमी आल्याची तक्रार केली आणि फुटेज पाहायला गेलो, तेव्हा कळलं. तोवर केलेला बदल कुणाच्या डोक्यातही नव्हता, त्यामुळे केबल, कॅमेरा, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) सगळं तपासून झालं आणि स्विचकडे शेवटी वळलो. त्यातच टॅगिंग एका पानावर आणि पीव्हीआयडी (टॅग नसलेला डेटा कुठल्या व्हीलॅनमध्ये जायचा तो क्रमांक) दुसऱ्यावर, म्हणजे अर्धवट सेटिंग राहायला आणखी एक जागा.

कंट्रोलरमध्ये पोर्टला 'कॅमेरा' प्रोफाइल दिलं की टॅग आणि पीव्हीआयडी त्यातच येतात, आणि सेटिंग कंट्रोलरकडेही राहते. आमच्याकडे तेव्हापासून लाईट कितीदा तरी गेली, पोर्ट जागचे हलले नाहीत. कंट्रोलर बंद पडला तरी स्विच चालूच राहतात. फक्त बदल करता येत नाहीत आणि पाहुण्यांचं लॉगिनपान अडू शकतं.

त्रास इथेही आहे. स्विच ॲडॉप्ट करताना, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यात देताना, त्याची आधीची सेटिंग बहुधा पुसली जाते, म्हणून ते काम सुट्टीच्या दिवशी करावं. मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे स्विच आणि कंट्रोलर ज्यातून बोलतात तो, चुकला तर स्विच कंट्रोलरपासून तुटतो आणि शिडी लावून रिसेट करावा लागतो.

तुमच्याकडे नेटवर्कचा जाणकार रोज जागेवर असेल, तर वेबपानावरही छान चालेल, नाही म्हणणार नाही. पण स्विच बसवणारा एक आणि नंतर सांभाळणारा दुसरा असेल, तर मी कंट्रोलरच घेईन. तोही क्लाउडवरचा नको, ऑफिसात यूपीएसवर ठेवलेला, आणि त्याची बॅकअप फाइल हिशेबाच्या कॉम्प्युटरवर. नवी पेठेतल्या आमच्या दुकानात मात्र आठ पोर्टांचा एकच स्विच आहे, तिथे वेबपानच ठेवलंय.