लग्नाचा जुना अल्बम आणि एप्सन परफेक्शन व्ही६०० स्कॅनर

आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली की घरात कुणाला तरी कपाटावरची ट्रंक आठवते. आत काळ्या पानांचा अल्बम असतो, पानांच्या मध्ये बटर पेपर. स्टुडिओच्या खाकी पाकिटात निगेटिव्ह, शिवाय लग्नपत्रिका, गुलाबी कागदावर छापलेली मंगलाष्टकं, आहेराची वही आणि सुतळीने बांधलेली अंतर्देशीय पत्रं. हे सगळं घरच्या घरी एकाच यंत्रावर नीट उतरवायचं असेल तर व्ही६०० हा योग्य स्कॅनर आहे. फक्त सुटे फोटोच असतील तर मात्र तो घेऊ नका. कॅननचा लाइड ४०० कमी जागेत आणि कमी पैशात तेवढंच काम करतो.

दोन्हींतला खरा फरक सेन्सरचा आहे. लाइडमध्ये सीआयएस सेन्सर असतो. फोटो काचेला घट्ट चिकटून बसला तरच तो स्पष्ट दिसतो, दोन-तीन मिलिमीटर वर उचलला गेला की धूसर. व्ही६०० मध्ये सीसीडी सेन्सर आणि लेन्स आहे, त्यामुळे थोडं अंतर राहिलं तरी रेषा टिकते. जुन्या अल्बममध्ये हे अंतर हमखास राहतं. शिवणीजवळ पान सपाट होत नाही, पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो मधोमध वाकलेला असतो. भिंतीवरच्या फ्रेममधला जोडीचा फोटो तर कित्येकदा ओलीमुळे काचेलाच चिकटलेला असतो. तो सोडवायला जाऊ नका. जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि चेहरा कागदावरून निघून येतो. फ्रेम उघडून फोटो काचेसकट बाहेर काढा, काचेची फक्त मोकळी बाजू पुसा आणि तशीच स्कॅनरवर ठेवा.

व्ही६०० चा पृष्ठभाग ए४ एवढा आहे. ८ बाय १० इंचाचा फोटो मावतो, १० बाय १२ चा मावत नाही. असा फोटो दोन भागांत स्कॅन करावा, दोन्ही भागांत एक चतुर्थांश चित्र सामाईक ठेवावं आणि मग हगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडावा. त्याआधी ऑटो एक्स्पोजर बंद करायला विसरू नका. नाहीतर नवऱ्याकडचा भाग उजळ आणि नवरीकडचा काळपट येतो, आणि जोड लपत नाही.

सेटिंगबद्दल. एप्सनच्या सॉफ्टवेअरमधला ऑटो मोड सोडून प्रोफेशनल मोड घ्या. साध्या फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) पुरे. ६ बाय ४ इंचाच्या फोटोची त्यात ३६०० बाय २४०० पिक्सेलची फाइल होते, टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावता साठवलेल्या फाइलमध्ये, साधारण २६ एमबी. पासपोर्ट आकाराचे किंवा स्थळ दाखवण्यासाठी काढलेले छोटे फोटो १२०० वर घ्या. कृष्णधवल फोटोही २४ बिट रंगीतमध्येच स्कॅन करा. कागदाचा पिवळेपणा, शाईचा शिक्का, हाताने रंगवलेल्या गालांचा गुलाबी रंग हे सगळं त्यातच टिकतं. काळंपांढरं नंतर कधीही करता येतं. कडा कृत्रिमपणे ठळक करणारा अनशार्प मास्क बंद ठेवा.

आता निगेटिव्ह. या स्कॅनरची खरी किंमत इथे वसूल होते, आणि त्याची खरी उणीवही इथेच आहे. सत्तरच्या दशकात अनेक घरांत आग्फा क्लिक थ्री कॅमेरा असायचा. १२० च्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघत. व्ही६०० बरोबर ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा आणि १२० च्या फिल्मचा असे दोन होल्डर येतात. पण ते हलक्या प्लास्टिकचे आहेत आणि त्यांची उंची कमीजास्त करता येत नाही. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेली फिल्म त्यात मधोमध पोट काढते. कडा स्पष्ट आणि चेहरे धूसर आले तर हेच कारण समजा. फिल्म बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकाखाली आठ-पंधरा दिवस दाबून ठेवली की बराच फरक पडतो.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयच्या आकड्याला भुलू नका. लेन्स तेवढा तपशील देतच नाही. ३५ मिलिमीटरची एक फ्रेम त्या आकड्यावर १६० एमबीच्या वर जाते आणि २४०० च्या स्कॅनपेक्षा नव्याने काही दाखवत नाही. २४०० वर थांबा. १२० च्या फ्रेमचे त्यातही २८ मेगापिक्सेल होतात, भिंतीवर लावण्याइतके.

धूळ आणि ओरखडे काढणारं डिजिटल आइस रंगीत निगेटिव्हवर फार उपयोगी आहे. ते इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखतं. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र हा प्रकाश अडवते, म्हणून यंत्राला अख्खी प्रतिमाच धूळ वाटते आणि ते चेहरे पुसट करतं. कृष्णधवल फिल्मला ते बंदच हवं. तिथे हवा मारायचा रबरी पंप आणि मऊ ब्रश हाच उपाय. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा थेंब फिल्मवर कायमचा डाग सोडतो.

फिल्मची चकचकीत बाजू खाली हवी. उलटी बसली तर फोटो आरशातल्यासारखा येतो आणि अनेकदा कुणाच्या लक्षातही येत नाही. तपासायला नथ पाहा. ती नवरीच्या डाव्या नाकपुडीत दिसली पाहिजे, पदर डाव्या खांद्यावर. मंडपातली पाटी दिसत असेल तर प्रश्नच नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेले असतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. सॉफ्टवेअरमधलं कलर रिस्टोरेशन बहुतेक फोटोंवर ठीक चालतं, पण हळदीच्या फोटोंवर फसतं. चित्रातले सगळे रंग मिळून सरासरी करडी यावी असं ते धरून चालतं, म्हणून पिवळेपणा हाच दोष समजून काढून टाकतं. अंगाला हळद लागलेली नवरी आजाऱ्यासारखी दिसू लागते. अशा वेळी हाताने रंग जुळवा. पांढऱ्याची खूण म्हणून अंतरपाट, टोपी किंवा उपरणं निवडा. एका कार्यातला एक फोटो नीट जुळला की तेच आकडे त्याच रोलच्या बाकी फोटोंना लावावेत.

रेशमी पोत असलेल्या कागदावरच्या फोटोंमध्ये स्कॅननंतर पांढरे ठिपके चमकतात. एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा, दोन्ही जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जुळवा आणि वरचा थर डार्कन मोडवर ठेवा. ठिपके जवळजवळ जातात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरीही निघत नसेल तर वरचं प्लास्टिक उचलून अख्खं पान स्कॅन करा.

पत्रांना ४०० डीपीआय पुरतं. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ कागदामागे काळा पुठ्ठा ठेवला की मागची अक्षरं दबतात. मंगलाष्टकं वगळू नका. त्यात दोन्ही घरांच्या माणसांची नावं गुंफलेली असतात, आणि फोटोतल्या अनोळखी चेहऱ्याचा पत्ता कधी कधी तिथेच लागतो.

प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने घातलेली तारीख, ‘सौ. ताईस सप्रेम’ असा मजकूर तिथे असतो. समोरच्या फाइलचाच क्रमांक देऊन शेवटी ‘मागे’ जोडा, म्हणजे दोन्ही शेजारी राहतात. फाइलला वर्ष, महिना, क्रमांक असं नाव द्या: १९७४-०५-०१२. महिना माहीत नसेल तर ००.

फोटोची माहिती देणाऱ्या ओळी लिहिताना नात्याचे शब्द टाळा, ते वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ‘मावशी आणि काका’ हे आज घरात सगळ्यांना कळतं, पण नातवाला ती कुणाची मावशी ते कळणार नाही. पूर्ण नाव लिहा. बायकांचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं हवीत, कारण लग्नात नाव बदललेलं असेल तर माहेरच्या फोटोतली मुलगी आणि सासरच्या फोटोतली सून एकच, हे फाइलवरून समजणार नाही. डिजीकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती थेट फोटोच्या फाइलमध्ये देवनागरीत साठवता येते.

नावं विचारायला आईवडिलांना आधी वेगवेगळं बसवा, मग एकत्र. एकत्र बसले की बहुधा एकच जण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. वेगळे बसले की तिच्या लक्षात राहिलेलं आणि त्याच्या लक्षात राहिलेलं वेगवेगळं निघतं, आणि दोन्ही लिहून ठेवण्यासारखं असतं. मोठ्या पडद्यावर फोटो दाखवा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा. ‘हा कोण’ यापेक्षा ‘हा फोटो कुणी काढला’ आणि ‘यात कोण नाही’ हे प्रश्न जास्त बोलतं करतात. एका बैठकीत वीस फोटो पुष्कळ झाले.

वेळेचा अंदाज घेऊन सुरुवात करा. पुसणं, ठेवणं, स्कॅन, नाव देणं धरून तासाला पंधरा-वीस फोटो होतात. डिजिटल आइस चालू असेल तर त्याहून बरेच कमी. पावसाळ्यात अल्बम उघडू नका. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात आणि बुरशी एका फोटोवरून दुसऱ्यावर जाते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने चांगले.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी फोटो दुकानात द्यावेत, पण तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात: ६०० डीपीआयची टिफ मिळेल का, मागची बाजू स्कॅन करतील का, अल्बम फाडून फोटो सुटे करणार नाहीत ना. मोबाइलवरचं फोटोस्कॅन ॲप चकाकी काढतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला बरं आहे. फोटोंचं छापील पुस्तक करायचं असेल तर ते चालत नाही. पुस्तकात साठ-सत्तर फोटो पुरतात. सगळे स्कॅन मात्र दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत, त्यातली एक दुसऱ्या घरात.