धंतोलीतलं बर्न क्लिनिक : बायको ८व्या महिन्यात असताना जावं लागलं

तर्रीचा गंज उतरवताना हिच्या हातून सुटला आन् सगळं मांडीवर. आई टूथपेस्ट घेऊन धावली, मी म्हटलं थांब वो, आन् २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडत राहिलो, मग थेट इकडे. डॉक्टर लय शांत माणूस. बोटांसकट पेशंटचा तळहात म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण १ टक्का, तसं मोजून भाजलेलं ३ टक्के भरलं. म्हणे इतक्यानं बाळाला सहसा काही होत नाही, पण मोठं भाजलं की अंगातलं पाणी झिरपून जातं, वारेकडे रक्त कमी पडतं, अवेळी कळाही येऊ शकतात. तरी बाळाचे ठोके मशीनवर पाहिलेच, डाव्या कुशीवर झोपवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. चांदीवाली पांढरी क्रीम मात्र नाही लावली, दिवस भरत आले की बाळाच्या काविळीच्या भीतीनं टाळतात म्हणे. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला तीच काढून देऊन राहिला होता बिनधास्त!

पार्किंगच्या नावानं बोंब, ड्रेसिंगचे पैसे आधी सांगत नाहीत. ५ पैकी ४.