‘ओव्हरक्लॉक करून देतो’ म्हणून सात हजार घेतले

मुलीला व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी हवा होता, म्हणून दिवाळीआधी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “काका, आय5-12600के प्रोसेसर देतो, वर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, 5 गिगाहर्ट्झवर बसवून देतो.” पीसीचे 56 हजार, ओव्हरक्लॉकिंगचे वेगळे सात हजार, सगळं रोख. बिलाऐवजी चिठ्ठी मिळाली, तिच्यावर नुसतं “पीसी 1 नग”. स्क्रीनवर त्याने प्रोसेसरचं नावही दाखवलं. मी निर्धास्त झालो.

कळव्याला घरी आणल्यापासून एक गोष्ट खटकत होती. डेस्कटॉप आला रे आला की एक काळी चौकट क्षणभर चमकून जायची. भाऊबीजेला भाचा आला, त्याला दाखवली. त्याने टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी विंडोजची सोय) उघडलं. आत एक छोटी स्क्रिप्ट लावलेली होती, दर वेळी विंडोज सुरू झालं की रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतलं, प्रोसेसरचं नाव बदलणारी. खरं नाव विंडोज प्रत्येक वेळी सुरू होताना नव्याने लिहितं, म्हणून हा उद्योग रोजचा. मग बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) उघडलं, तिथे स्वच्छ लिहिलेलं: प्रोसेसर आय5-12400एफ, मदरबोर्ड एच610.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर (त्याच्या किती पट). बेस क्लॉक 100 मेगाहर्ट्झ. 12400एफचा मल्टिप्लायर लॉक असतो, जास्तीत जास्त 44, म्हणजे 4.4 गिगाहर्ट्झ; सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) एकदम राबायला लागले की 40. एच610वर तर के वाला, म्हणजे लॉक नसलेला, प्रोसेसर बसवला तरी मल्टिप्लायर वाढवता येत नाही, त्याला झेड690सारखा बोर्ड लागतो. मोजक्या बोर्डांवर बेस क्लॉक वाढवून लॉक चुकवता येतं, पण त्यासाठी बोर्डावर वेगळा क्लॉक जनरेटर (तो ठोका तयार करणारी चिप) हवा. आमच्या बोर्डावर तो नाही.

12400एफ वाईट नाही हो. मुलीचं काम त्यावर व्यवस्थित चालतं. खरं नाव सांगून योग्य भावात दिला असता तरी मी घेतला असता, याचाच जास्त संताप येतो. तुम्ही घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी दुकानातच पीसी रीस्टार्ट करायला लावा आणि बायोसमधलं नाव स्वतः वाचा. प्रोसेसरचा डबा मागा, बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

परत गेलो तर “तुम्ही तपासूनच नेलात” म्हणाला. डबा मागितला, तो म्हणे फेकून दिला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बायोसचे फोटो आणि चिठ्ठी एकत्र ठेवली आहे. ती स्क्रिप्ट मात्र पीसीवरून अजून काढलेली नाही.