अंगुली मुद्रा विभागातला फ्युमिंग चेंबर: अनुदानातून आलेल्या उपकरणाचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या अंगुली मुद्रा विभागात सायनोअॅक्रिलेट फ्युमिंग चेंबर, म्हणजे सुपरग्लूच्या वाफेने वस्तूंवरचे न दिसणारे बोटांचे ठसे उमटवणारी बंद पेटी, येऊन दीड वर्ष झाले. ज्या अनुदानातून तो आला त्याचा प्रस्ताव मीच तयार केला होता, त्यामुळे यंत्राविषयी लिहायचे तर प्रस्तावाविषयीही लिहावे लागेल. किंबहुना आज जाणवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ मला चेंबरपेक्षा त्या कागदांतच सापडते.

पूर्वी आम्ही मासे ठेवायची जुनी काचपेटी वापरत असू. एका कोपऱ्यात छोटी शेगडी, तिच्यावर अॅल्युमिनियमच्या वाटीत सुपरग्लूचे थेंब, दुसऱ्या कोपऱ्यात गरम पाण्याचा पेला आणि झाकणाच्या फटींना चिकटपट्टी. शास्त्र तेच आहे: ग्लूची वाफ ठशातल्या घामाच्या रेषांवर बसते आणि तिथे पांढरा, टणक थर धरते. मात्र त्यासाठी हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असावी लागते, आणि काचपेटीत ती मोजायची सोय नव्हती. आर्द्रता कमी पडली की ठसा फिका येई. वाफ जास्त झाली की सगळा पृष्ठभागच पांढरा पडून रेषा बुजत, आणि एकदा बुजलेला ठसा पुन्हा मिळत नाही.

नव्या चेंबरमध्ये आर्द्रता, तापमान आणि वेळ ठरवून देता येते, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. एका घरफोडीत चोरट्याने स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी प्यायले होते. ती बाटली आत टांगली आणि काही मिनिटांतच गळ्याच्या खाली अंगठ्याचा चक्राकार ठसा काचेबाहेरूनही दिसू लागला. नंतर बेसिक यलो ४० हे रंगद्रव्य लावून निळ्या प्रकाशात छायाचित्र घेतले, तेव्हा पावडरने कधीच हाती न आलेले बारकावे त्यात स्पष्ट होते. असा चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी मिळालेला ठसा, २०२२ पासून सुरू झालेल्या ‘नाफिस’ या बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय प्रणालीत शोधायला देताना मनात शंका उरत नाही. कामाच्या दर्जाबाबत या यंत्राला मी पूर्ण गुण देईन.

विक्रीपश्चात सेवेबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. हमीचे एक वर्ष संपले आणि महिन्याभरात आर्द्रतेचा सेन्सर चुकीचे आकडे दाखवू लागला. पुरवठादाराचा तंत्रज्ञ यायला नऊ आठवडे लागले. तोवर मुद्देमाल लाखबंद अवस्थेत कपाटात पडून होता. वाफ शोषून घेणारा कार्बन फिल्टरही ठरावीक काळाने बदलावा लागतो, नाहीतर दार उघडताच डोळे चुरचुरतात. त्या फिल्टरची किंमत आणि रंगद्रव्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा, याचे उत्तर कार्यालयात कोणाकडेच नव्हते, कारण मंजुरी फक्त यंत्रासाठी होती आणि अनुदान खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र केव्हाच पाठवून झाले होते.

ही गोष्ट प्रस्ताव लिहितानाच लक्षात यायला हवी होती. पोलीस दल आधुनिकीकरणाच्या योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असतो, आणि वार्षिक आराखड्यात जे नमूद नाही ते नंतर घुसवणे फार अवघड जाते. माझा पहिला प्रस्ताव ‘गरज सिद्ध होत नाही’ या शेऱ्यासह परत आला, आणि तो शेरा योग्यच होता. मी आधुनिकीकरणाचे महत्त्व दोन पाने सांगितले होते, पण आमच्याकडे वर्षाला किती घटनास्थळे येतात, त्यांतून किती ठसे तुलनेयोग्य मिळतात आणि काचपेटीत किती वाया जातात, हे कुठेच लिहिले नव्हते. दुसऱ्या वेळी हे आकडे नोंदवहीतून काढले. सोबत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) चा आधार दिला. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे त्या कलमाने बंधनकारक केले असून त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्यानंतर मंजुरी आली.

ज्या पोलीस घटकांना हा चेंबर घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र तांत्रिक तपशिलातच पाच वर्षांचा देखभाल करार, तंत्रज्ञ किती दिवसांत येईल याची अट आणि उशीर झाल्यास दंड, सेन्सरचे वार्षिक कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी), फिल्टर आणि रसायने, तसेच दोन कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा समावेश करावा. एकूण रक्कम वाढली म्हणून प्रस्ताव नाकारला जाईल, ही भीती मलाही होती; पण दोन्ही वेळा माझ्याकडे विचारणा झाली ती गरजेची, रकमेची नाही. देखभाल आणि रसायनांसाठीचा पुरवणी प्रस्ताव मी गेल्या महिन्यात पाठवला असून त्याला सेन्सर बंद असलेल्या नऊ आठवड्यांत अडकलेल्या प्रकरणांची यादी जोडली आहे.